९८००एक्स३डी नक्की, पण मदरबोर्ड कुठला? बजेट तीन लाख, मुक्काम नागपूर

वर्धाकाठी

नमस्कार मंडळी. इथे जाणकार बरेच आहेत म्हणून नवीन धागा काढतोय. कॉलेजपासून लॅपटॉपवरच खेळत आलो, आता पैसे साठवलेत आणि एकदाच काय तो दणक्यात पीसी बांधायचा असं ठरवलंय. बजेट तीन लाख, मॉनिटर सोडून, तो दिवाळीतच घेतला, ३२ इंची ४के. खेळतो काय तर सायबरपंक, फ्लाइट सिम्युलेटर, बॅटलफील्ड ६ आणि मित्र ऑनलाइन असले की काउंटर-स्ट्राइक. थोडं ब्लेंडर, ते थ्रीडीचं सॉफ्टवेअर, पण शिकून राहिलोय.

प्रोसेसर रायझन ७ ९८००एक्स३डी नक्की. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०८० घ्यायचं मनात होतं. गाडी अडलीय मदरबोर्डवर. इथे सीताबर्डीत दुकानदार म्हणतो, एवढा भारी प्रोसेसर घेता तर बोर्ड पण टॉपचाच पाहिजे, एक्स८७०ई चिपसेटचा, तो पन्नास हजाराच्या वर जातो, आणि मग हिशेब बसवायला ५०८० सोडून ५०७० टीआय घ्या असं सांगून राहिला. सोबत १६ जीबीच्या चार रॅम लावून ६४ करा म्हणे. एनव्हीएमई एसएसडी दोन टाकायच्या आहेत, एक विंडोज आणि कामाची, एक फक्त गेमची. एवढे पैसे एकदम घालतोय तर पुढची पाच-सहा वर्षं तरी बघायला लागू नये अशी इच्छा आहे. बोर्ड स्वस्त घेतला तर प्रोसेसर दबून जाईल का? सविस्तर सांगा, वाचायला वेळ आहे.

सर्किटकाका

कार्ड खाली आणून बोर्ड वर नेऊ नका. ४के वर खेळणार ना, मग सगळा भार कार्डावर पडतो, ५०७० टीआय आणि ५०८० मधला फरक स्क्रीनवर दिसेल, पंचवीस हजाराचा बोर्ड आणि पंचावन्न हजाराचा बोर्ड यातला फरक गेममध्ये अजिबात दिसणार नाही. एक फ्रेमसुद्धा नाही.

प्रोसेसर दबेल ही भीती कुठून आली ते मला माहितीय, बोर्डाच्या खोक्यावर पॉवर फेजचे मोठमोठे आकडे छापलेले असतात. ९८००एक्स३डी चा टीडीपी, म्हणजे उष्णतेचा ठरवलेला आकडा, १२० वॉट, सॉकेटमधून जास्तीत जास्त १६२ वॉट ओढायची परवानगी, आणि गेम खेळताना तर बहुतेक वेळा शंभरच्या आतच राहतो. कुठलाही बरा बी८५० बोर्ड, म्हणजे एक्स८७०ई च्या खालच्या पायरीचा, हे दिवसभर हसत खेळत देतो. मोठी व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारं सर्किट, लागते ती १६ कोअरच्या ९९५०एक्स३डी ला, तो १७० वॉटचा आहे, आणि तुम्ही तासन् तास ब्लेंडरचं रेंडर सीपीयूवर लावणार असाल तरच. ब्लेंडर तर आता कार्डावरच रेंडर करतं.

आता मुख्य गोष्ट, लेन. हे समजून घ्या म्हणजे बोर्ड स्वतःच निवडता येईल, दुकानदाराला विचारायची गरज नाही. एएम५ सॉकेटच्या या प्रोसेसरमधून २८ पीसीआयई लेन, म्हणजे डेटाचे रस्ते, निघतात. ४ चिपसेटकडे, म्हणजे बोर्डावरचे यूएसबी वगैरे पोर्ट सांभाळणाऱ्या चिपकडे, जातात. उरल्या २४. त्यातल्या १६ ग्राफिक्स कार्डाच्या, राहिलेल्या ८ मध्ये चार-चार करून दोन एम.२ स्लॉट (एनव्हीएमईच्या खाचा) थेट प्रोसेसरला जोडता येतात. आता एक्स८७० आणि एक्स८७०ई वर एएमडीने यूएसबी४ सक्तीचं केलंय, आणि त्याचा कंट्रोलर बहुतेक बोर्डांवर या ८ मधल्याच ४ लेन खातो. म्हणजे दुसऱ्या एम.२ ला लेन आणायच्या कुठून? मग काही कंपन्या ती यूएसबी४ बरोबर वाटून देतात, आणि काही बोर्डांवर दुसरी एनव्हीएमई लावली की ग्राफिक्स कार्डाच्या १६ मधून काढून घेतात आणि कार्ड ८ लेनवर येतं. पन्नास हजार देऊन हे. बी८५० वर यूएसबी४ ची सक्ती नाही, त्यामुळे बऱ्याच बी८५० बोर्डांवर दोन्ही एम.२ थेट प्रोसेसरला आणि कार्ड पूर्ण १६ वर, कुणाचं कुणाला आडवं येत नाही.

एक्स८७०ई मध्ये जास्तीचं काय असतं तर चिपसेटच्या दोन चिप असतात. प्रोमोंटरी २१ नावाची चिप आहे, बी८५० वर तशी एक, एक्स८७० वरही एकच, ई लागलं की दोन. म्हणजे जास्त यूएसबी, जास्त साटा (जुन्या प्रकारच्या डिस्कचे पोर्ट), जास्त एम.२. पण त्या सगळ्यांना मिळून प्रोसेसरकडे जायचा रस्ता तोच, ४ लेनचा पीसीआयई ४.०. ज्याला कॅप्चर कार्ड, चार-पाच एनव्हीएमई, थंडरबोल्टची डॉक असं सगळं लावायचंय त्याला त्याचा उपयोग. तुम्हाला दोन एनव्हीएमई.

वर्धाकाठी

काका, हे असं कुणीच सांगितलं नव्हतं. पण कार्ड ८ लेनवर आलं तर नुकसान किती?

सर्किटकाका

५०८० साठी जवळपास शून्य. ते पीसीआयई ५.० चं कार्ड आहे, ५.० च्या ८ लेन म्हणजे ४.० च्या १६ लेनएवढीच वाट झाली. त्यामुळे कुणाकडे असा बोर्ड आधीच असेल तर त्याने झोप उडवून घ्यायचं कारण नाही. माझं म्हणणं एवढंच की नवीन घेताना जास्त पैसे देऊन ही अडचण कशाला घ्या.

बोर्ड ठरवायच्या आधी कंपनीच्या साइटवरून त्याचं मॅन्युअल उतरवून घ्या. त्यात सुरुवातीच्या पानांत ब्लॉक डायग्राम असतो किंवा स्पेसिफिकेशनच्या खाली बारीक अक्षरात टीप असते, अमुक एम.२ वापरल्यास तमुक स्लॉट ८ वर चालेल किंवा साटाचे दोन पोर्ट बंद होतील. ती टीप म्हणजे बोर्डाची खरी कुंडली. खोक्यावरच्या नावाला, दिव्यांना, आर्मरला काही अर्थ नाही.

भडकमकर_मार्ग

काकांना +१. मी मुंबईत लॅमिंग्टन रोडला बरीच वर्षं येऊन-जाऊन असतो, तिथेही हाच प्रकार, बोर्डावर दुकानाचं मार्जिन बरं सुटतं आणि कार्डावर कमी, म्हणून गिऱ्हाइकाला बोर्डाकडे वळवतात. दुकानदार वाईट असतो असं नाही, त्यालाही दुकान चालवायचंय, पण आपले पैसे आपणच राखायचे.

माझ्याकडून दोन मुद्दे. बी८५० आणि बी८४० यात गल्लत करू नका. नावात दहाचा फरक, पण बी८४० फार खालचा आहे, त्यावर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग नाही, कार्डाचा स्लॉट ४.० चा आणि चिपसेटचा मामला ३.० वर. आणि जुने बी६५० कुठे स्वस्तात मिळाले तर वाईट नाहीत, मात्र ते २०२२ चे, ९००० मालिका आली ऑगस्ट २०२४ मध्ये, त्यामुळे दुकानात पडून असलेल्या खोक्यात जुनं बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) असलं तर ९८००एक्स३डी लावल्यावर डिस्प्लेच येणार नाही. मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेलाच घ्यावा, पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये सांगितलंय ते द्यायचं, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) जोडायचा आणि बटण दाबून दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावायचा नाही. प्रोसेसर नसला तरी होतं. बी८५० जानेवारी २०२५ पासूनचे, त्यांना हा त्रास नाही.

दुसरं, आणि हे फार महत्त्वाचं. एएम५ ला पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. १७१८ पिना, केसासारख्या. बोर्ड घेतला की दुकानातच खोकं उघडायला लावायचं, सॉकेटवरचं काळं प्लास्टिक झाकण उचलून मोबाइलचा टॉर्च तिरका मारायचा, सगळ्या पिना एका रेषेत चमकल्या पाहिजेत, एखादीची चमक वेगळ्या बाजूला गेली तर ती वाकलेली. तिथेच व्हिडिओ काढून ठेवा. पिन वाकलेली निघाली की वॉरंटी नाकारतात, मग तुम्ही कितीही सांगा. माझ्या एका नातेवाइकाला एका दुकानाने असा बोर्ड दिला होता, घरी जाऊन बघितल्यावर कळलं, दुकान ऐकेना. आणि ते काळं झाकण फेकून देऊ नका, बोर्ड दुरुस्तीला पाठवताना ते लावूनच पाठवावं लागतं.

जीएसटी बिल प्रत्येक पार्टच्या सीरियल नंबरसकट घ्या. नुसती चिठ्ठी नको.

निळी_जास्वंद

रॅमबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. चार काड्या अजिबात नको. डीडीआर५ मध्ये एएम५ वर चार काड्या लावल्या की एएमडी स्वतःच अधिकृत वेग ३६०० सांगते, दोन काड्यांवर हेच ५६००, आणि एक्सपो, म्हणजे रॅमचं वेगवान सेटिंग, चालू केला तर ६००० आरामात. चार लावून ६००० वर चालवणारे लोक आहेत पण ते नशिबावर आहे, एखादा दिवस गेम मध्येच बंद पडतो आणि कारण सापडता सापडत नाही. ६४ हवेच असतील तर ३२ च्या दोन. फक्त गेमसाठी १६ च्या दोन पुरतात.

आता दुखरी गोष्ट. रॅमचे भाव २०२५ च्या ऑक्टोबरपासून जे सुटलेत ते थांबायचं नाव घेत नाहीयेत. एआयच्या सर्व्हरसाठी मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी सगळा माल तिकडे वळवलाय. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रुशल हा सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. २०२५ च्या सुरुवातीला ३२ जीबीचा जो संच दहा हजाराच्या आसपास होता तो वर्षाअखेरीस दुप्पट-तिप्पट झाला. म्हणून वर्धाकाठी, ६४ चा विचार तुमचं ब्लेंडर खरंच किती चालतं ते बघूनच करा. शिकताय तोवर ३२ पुरे, मी स्वतः ३२ वर बरीच मोठी सीन्स करते, कार्डाची मेमरी (व्हीआरएएम) आधी संपते.

आणि एक, ६००० सीएल३० च्या (सीएल म्हणजे टायमिंग, कमी तेवढं चांगलं) मागे लागून चार-पाच हजार जास्त देऊ नका. एक्स३डी मध्ये ९६ एमबीचा एल३ कॅश आहे, गेमला लागणारा डेटा तिथेच सापडतो, त्यामुळे रॅमच्या टायमिंगचा फरक या प्रोसेसरवर इतरांपेक्षा कमी पडतो. सीएल३६ घेतली तरी चालेल.

कोअरप्रेमी

सगळे एएमडीच सांगतायत म्हणून विचारतो, इंटेलचा विचार का नाही? कोअर अल्ट्रा ९ २८५के, झेड८९० बोर्ड. झेड८९० वर लेन भरपूर असतात आणि ब्लेंडरमध्ये सीपीयू रेंडर ८ कोअरपेक्षा कितीतरी पुढे.

सर्किटकाका

प्रश्न बरोबर आहे. ज्याचं पोट रेंडरवर किंवा कोड कंपाइल करण्यावर आहे त्याने २८५के जरूर बघावा, वीजही आधीच्या पिढीपेक्षा कमी खातो. पण गेममध्ये तो ऑक्टोबर २०२४ मध्ये आला तेव्हा बऱ्याच ठिकाणी इंटेलच्याच १४९००के च्या मागे पडला, आणि फ्लाइट सिम्युलेटरसारख्या गेममध्ये एक्स३डी चा कॅश फार मोठा फरक पाडतो. हे गृहस्थ तेच खेळतात.

शिवाय त्यांना पाच-सहा वर्षं काढायचीत. एएमडीने एएम५ ला २०२७ आणि त्यापुढेही नवे प्रोसेसर देऊ असं जाहीर केलंय. एएम४ च्या वेळी त्यांनी हे करून दाखवलं, २०१७ च्या एक्स३७० बोर्डावर बायोस बदलून २०२२ चा ५८००एक्स३डी चालतो, मी स्वतः भाच्याच्या पीसीत बसवून दिलाय. पाच वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलून नवा जन्म. म्हणूनच मी म्हणतो की बोर्ड मध्यम, पण नीट घ्या.

आणि इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचं कुणी स्वस्तात देत असेल तर आधी बायोसची तारीख विचारा. त्या प्रोसेसरना व्होल्टेज जास्त जाऊन ते हळूहळू खराब होत होते, ऑगस्ट २०२४ च्या ०x१२९ आणि त्यानंतरच्या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर, बायोसमधून येतं) इंटेलने ते आवरलं आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवून दिली. एएमडीलाही हे चुकलं नव्हतं, एप्रिल २०२३ मध्ये ७८००एक्स३डी जळायचे प्रकार झाले, मग बायोसमधून एसओसी व्होल्टेज १.३ वर बांधून टाकलं. म्हणून कुठलाही बोर्ड असो, पहिल्याच दिवशी बायोस ताजं करायचं.

उन्हाळवाट

मी चंद्रपूरचा, त्यामुळे वर्धाकाठी, तुमचा खरा शत्रू मी सांगतो. मे महिना. बाहेर ४५, खोलीत ३७-३८, आणि ५०८० चे ३६० वॉट अधिक बाकीचं सगळं त्याच खोलीत ओतलं जाणार. हिवाळ्यात केलेली टेस्ट उन्हाळ्यात खोटी ठरते, कूलर कितीही भारी असला तरी खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, खोली १५ अंशांनी वाढली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच वाढतो.

९८००एक्स३डी सोबत कूलर येत नाही, वेगळा घ्यावाच लागतो. दोन टॉवरचा एअर कूलर, थर्मलराइट पीअरलेस असॅसिन किंवा डीपकूल एके६२० सारखा, पुरतो, फक्त कॅबिनेटमध्ये त्याची उंची बसते का बघा, १६० मिमीच्या आसपास जागा लागते. ३६० चा लिक्विड कूलर दिसायला छान आहे पण या प्रोसेसरला त्याची गरज नाही, आणि पंप हा एक जास्तीचा बिघडणारा भाग. ते पैसे पुढून जाळी असलेल्या कॅबिनेटमध्ये घाला. पुढे पूर्ण काच असलेली कॅबिनेट विदर्भात घेऊ नका म्हणजे नकोच.

मे-जूनमध्ये बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करायचं सेटिंग) मायनस १५-२० वर, कार्डाची पॉवर लिमिट ८०-८५ टक्के. फ्रेम थोड्याच कमी होतात, उष्णता बरीच कमी होते. आणि आपल्याकडे खिडकीत वाळ्याचा कूलर असतो, त्याच्या झोतासमोर पीसी ठेवू नये, बारीक तुषार येतात आणि बोअरचं पाणी असलं तर क्षार पण येतात. बाजूला, जमिनीपासून वर.

आता लाईट. कार्ड एवढं महाग घेताय तर यूपीएस शिवाय पीसी चालू करू नका. ६०० व्हीए चे छोटे डबे चालणार नाहीत. व्हीए म्हणजे वॉट नव्हे, ११०० व्हीए चा यूपीएस साधारण ६६० वॉटच देतो, तुमचा पीसी खेळताना भिंतीतून ५५०-६०० ओढणार, वर मॉनिटर. १५०० व्हीए च्या आसपासचा बघा आणि प्युअर साइनवेव्ह बघा. चांगल्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढायचं सर्किट) असतं, स्वस्त यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या वेव्हवर तो कधी कधी धप्पकन बंद होतो, म्हणजे यूपीएस असून नसल्यासारखा.

अर्थिंग तपासलं का? कॅबिनेटला उघडा पाय लागला की मुंग्या येतात, टेस्टर लावला की मंद पेटतो, ते अर्थिंग नसल्याचं लक्षण. इलेक्ट्रिशियनला आधी बोलवा, पार्ट नंतर मागवा.

रत्नांग्रीकर

आमच्याकडे उलट, गरमी कमी पण दमट हवा आणि खारा वारा. पावसाळ्यात पीसी महिना-महिना बंद ठेवला की स्क्रूवर गंज आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळसर थर. रोज थोडा वेळ चालू ठेवला तर आतली हवा कोरडी राहते. वर्धाकाठींना हे लागणार नाही, पण धागा वाचणाऱ्या कोकणातल्या कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिलं.

डॅलसचा_दादरकर

इकडे अमेरिकेत ५०८० ची मूळ किंमत ९९९ डॉलर आणि ५०७० टीआय ची ७४९. मी फेब्रुवारीत येतोय, मला बरेच जण कार्ड घेऊन ये म्हणतात, तर त्याबद्दल स्पष्ट सांगतो. एनव्हिडियाने भारतात ५०८० ची सुरुवात १ लाख ७ हजार आणि ५०७० टीआय ची ८० हजार सांगितली होती, त्यात आणि इकडच्या किमतीत टॅक्स धरून फार मोठी दरी उरत नाही. कस्टममध्ये ७५ हजारांपर्यंतच सूट (फेब्रुवारी २०२६ च्या आधी ५० हजार होती), लॅपटॉपला वेगळी मुभा आहे, कार्डाला नाही. वॉरंटी बहुतेक कंपन्यांची ज्या देशात घेतलं तिथलीच. एवढं महाग कार्ड बिघडलं तर परत डॅलसला पाठवणार कोण? भारतातच घ्या.

वर्धाकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून तीन-चार बोर्डांची मॅन्युअलं उतरवली आणि काकांनी सांगितलेली बारीक टीप खरंच सापडली. दुकानदार जो एक्स८७०ई सांगत होता त्यात सरळ लिहिलंय की दुसरा एम.२ वापरला तर पहिला ग्राफिक्स स्लॉट ८ वर चालेल. आता असं ठरवतोय, बी८५० एटीएक्स बोर्ड, फ्लॅशबॅकचं बटण आणि मागे अडीच गिगाबिट लॅन असलेला, ५०८०, १६ च्या दोन रॅम, २ टीबी ची एक आणि १ टीबी ची एक एनव्हीएमई, दोन टॉवरचा कूलर. एसएमपीएस राहिला. ७५० चालेल की ८५०?

भडकमकर_मार्ग

५०८० ला एनव्हिडिया स्वतः ८५० सांगते, ८५० च घ्या. गोल्ड, आणि एटीएक्स ३.१ लिहिलेला, म्हणजे कार्डाची १२व्ही-२x६ केबल थेट एसएमपीएसमधून येते, अडॅप्टरचं जंजाळ नाही. २०२२ मध्ये ४०९० च्या केबल वितळायच्या बातम्या आल्या होत्या ना, त्यात बऱ्याच वेळा कनेक्टर पूर्ण आत गेलेला नसायचा. घट्ट असतो, अंगठ्याने दाबून कड कार्डाला टेकेपर्यंत घालायचा, आणि कनेक्टरपासून निदान ३५ मिमी केबल सरळ ठेवून मगच वाकवायची. अरुंद कॅबिनेट घेतली तर बाजूची काच त्या केबलला दाबते, म्हणून रुंदीही मोजून घ्या.

एनव्हीएमई दोन्ही ४.० च घ्या. ५.० च्या महाग आणि तापट, गेम लोड व्हायला फरक जाणवत नाही.

निळी_जास्वंद

बॅटलफील्ड ६ खेळता म्हणालात, त्याला सिक्युअर बूट चालू लागतं. नवीन बोर्डावर काही वेळा ते बंद असतं. विंडोज टाकायच्या आधीच बायोसमध्ये सीएसएम बंद, एफटीपीएम चालू, सिक्युअर बूट चालू, म्हणजे नंतर डोकेदुखी नाही. आणि विंडोज ११ च टाका, १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. शेजारी शेजारी नाही.

वर्धाकाठी

पार्ट आले, अर्धे नागपुरात घेतले, अर्धे मागवले. पिना टॉर्च मारून बघितल्या, दुकानदार पण बघायला वाकला, सगळ्या सरळ. आज असेंबल करून बसलोय आणि पाय लटपटून राहिले. बटण दाबलं, पंखे फिरतात, बोर्डावर डीरॅमचा पिवळा दिवा लागलाय आणि स्क्रीन काळी. बंद करू का? कुणी जागं असेल तर प्लीज.

सर्किटकाका

बंद करू नका! हात लावू नका. डीडीआर५ पहिल्यांदा चालू होताना मेमरी ट्रेनिंग करतं, बोर्ड प्रत्येक काडीबरोबर टायमिंग जुळवून बघतो, त्याला काही मिनिटं लागतात, कधी कधी दहा-पंधरासुद्धा. मध्ये एकदा स्वतःच बंद होऊन परत चालू होईल, तेही चालतं. चहा करून या.

वर्धाकाठी

आलं!!! बायोस दिसतंय. ३२ जीबी, ९८००एक्स३डी, दोन्ही एनव्हीएमई. काका, शब्द नाहीत.

सर्किटकाका

अभिनंदन. आता आधी बायोस अपडेट, मग एक्सपो. एक्सपो चालू केलं नाही तर रॅम ४८०० किंवा ५६०० वरच चालत राहील. एक्सपो लावल्यावर परत एकदा तशीच काळी स्क्रीन येईल, घाबरू नका.

उन्हाळवाट

मस्त! तापमान टाका रे, आणि खोलीचं पण सांगा. मे मध्ये परत टाका.

वर्धाकाठी

खोली २४. सायबरपंक ४के वर तासभर चालवल्यावर प्रोसेसर ६०-६२, कार्ड ६५ च्या आसपास, आवाज जवळपास नाहीच. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मुंबई विमानतळावर उतरताना लॅपटॉपवर जे झटके बसायचे ते गेले, घाटकोपरवरून खाली येताना एकदम लोण्यासारखं. अर्थिंगचं काम आधीच करून घेतलं होतं, इलेक्ट्रिशियन म्हणाला मागच्या खोलीत वायरच नव्हती टाकलेली.

निळी_जास्वंद

छान वाटलं वाचून. मी पण बी८५० वरच जायचा विचार करतेय. दुसरी एनव्हीएमई कुठल्या खाचेत लावली? आणि कार्ड १६ वर आहे हे कसं तपासलं?

वर्धाकाठी

दोन्ही प्रोसेसरवाल्या खाचेत, चिपसेटवाली रिकामीच ठेवली, पुढे लागली तर आहे. हीटसिंकच्या खालच्या थर्मल पॅडवर पारदर्शक प्लास्टिक असतं, ते सोलून मगच बसवायचं. कार्डासाठी जीपीयू-झेड उतरवा, बस इंटरफेसच्या रकान्यात @ च्या पुढे x१६ ५.० दिसलं पाहिजे. पण नुसता डेस्कटॉप चालू असताना वेग १.१ दाखवतं, वीज वाचवायला कार्ड खाली येतं, बाजूच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट सुरू करा की ५.० वर जातं.